गोलायथ, ऑर्क आणि हाफलिंग: ताकदीचा हिशोब कोणत्या गेममध्ये पटतो?

फासे टाकून टेबलवर खेळायच्या रोल-प्लेइंग गेमची नवी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, ठरवताना डीएमपुढे (खेळ चालवणाऱ्यापुढे) एक पेच हमखास येतो. एकाला सात फुटी गोलायथ खेळायचाय, दुसरीला तीन फुटी हाफलिंग वंशातली बार्बेरियन, म्हणजे रांगडी लढवय्यी. दोघांच्या कॅरेक्टर शीटवर ‘स्ट्रेंग्थ’चा रकाना सारखाच. मग टेबलवर दोघांत फरक किती जाणवायला हवा? काही गेम तो जवळजवळ पुसून टाकतात, तर काही इतका ताणतात की हाफलिंगने कुऱ्हाडीच्या वाटेला जाऊच नये. तुमचा ग्रुप अजून कोणते नियम घ्यायचे या विचारात असेल, तर माझं मत आधीच सांगतो. रेसमुळे, म्हणजे कॅरेक्टरच्या वंशामुळे, ताकदीत मिळणारा तो सुप्रसिद्ध +२ फारसं काही ठरवत नाही. फासे कोणते टाकता, शरीराचा आकार वेगळा मोजला जातो का आणि पाच-दहा लेव्हलनंतर फरक शिल्लक राहतो का, हे तीन प्रश्न विचारा आणि मगच पुस्तक विकत घ्या.

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स): पाचवी आवृत्ती

नवखे बहुधा इथूनच शिरतात. २०१४च्या प्लेयर्स हँडबुकात हाफ-ऑर्क आणि ड्रॅगनबॉर्नला ताकदीत +२, माउंटन ड्वार्फला ताकद आणि काटकपणा दोन्हींत +२, माणसाला सगळ्यात +१. हाफलिंगला बोनस नाही, पण वजावटही नाही. कमाल मर्यादा सगळ्यांना २०च. स्कोअरमधले दोन म्हणजे मॉडिफायरमध्ये (फाशाच्या आकड्यात मिळवायच्या संख्येत) एक, आणि डी२०वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, एक म्हणजे पाच टक्के. एवढ्यासाठी लोक तासन्‌तास वाद घालतात.

आता पंजा लढवून बघू. गोलायथची ताकद १८, म्हणजे +४. जादूगार हाफलिंगची ८, म्हणजे −१. दोघांनी एकेक डी२० टाकायचा. गणित केलं तर हाफलिंग शंभरातल्या २६ वेळा जिंकतो! सात फुटी धिप्पाड गड्याला तीन फुटी पोरसवदा पुस्तकी किडा दर चौथ्या डावाला लोळवतो. एकदा झालं तर धमाल येते, पण दर सेशनला व्हायला लागलं की गोलायथ घेणाऱ्याचा हिरमोड होतो, आणि तो रास्तच आहे.

ओझ्याचंही तसंच. ताकदीला १५ने गुणा, तेवढे पाउंड वाहता येतात. ताकद ८ असलेला हाफलिंग १२० पाउंड, म्हणजे ५४ किलो उचलून दिवसभर चालतो. त्याचं स्वतःचं वजन सुमारे ४० पाउंड, म्हणजे १८ किलो. सिमेंटचं भरलेलं पोतं पाठीवर घेऊन बालवाडीतलं मूल डोंगर चढतंय, असं चित्र झालं हे. कारण साधं आहे: या हिशोबात ‘स्मॉल’ (हाफलिंगचा) आणि ‘मीडियम’ (माणसाचा) आकाराला एकच नियम लागतो.

गोलायथला मात्र ‘पॉवरफुल बिल्ड’ मिळतं. ओझ्यापुरता तो एक आकार मोठा धरला जातो. म्हणजे १८ ताकदीला २७०ऐवजी थेट ५४० पाउंड, जवळपास २४५ किलो. ढकलायला-ओढायला त्याच्याही दुप्पट. या एका ओळीने जे साधतं, ते दहा वेळा +२ देऊनही साधणार नाही. दरड कोसळून वाट बंद झाली की सगळं टेबल आपसूक गोलायथकडे बघतं.

पुढे दिशा बदलली. २०२०च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ने रेसचे बोनस हवे तिथे हलवायची मुभा दिली. २०२४च्या हँडबुकात ते बोनस रेसकडून काढून बॅकग्राउंडला जोडले. अवजड शस्त्रांचा नियमही बदलला. आधी स्मॉल आकाराच्या कॅरेक्टरला ग्रेटसोर्ड चालवताना दोन फाशांतला लहान आकडा घ्यायला लावणारा डिसअ‍ॅडव्हांटेज होता, आता हातघाईच्या अवजड शस्त्राला ताकद १३ असली की झालं, मग तुम्ही हाफलिंग का असेना. दुसरीकडे गोलायथला पाचव्या लेव्हलपासून दहा मिनिटं ‘लार्ज’ होता येतं आणि तेवढा वेळ ताकदीच्या चेकवर, म्हणजे जोर लावायच्या फाशावर, दोनांतला मोठा आकडा घ्यायचा अ‍ॅडव्हांटेज मिळतो. मला हा बदल मनापासून पटतो. हाफलिंग बार्बेरियनवाली खेळाडू पहिल्या दिवसापासून मागे पडत नाही, आणि गोलायथ मोठा असल्याचं डोळ्यांना दिसतं. पंजाचं कोडं मात्र बाकीच्यांसाठी तसंच राहतं.

जुनी डी अँड डी ३.५

२००३च्या या आवृत्तीत आकाराला खरी किंमत होती. हाफलिंगला ताकदीत −२. शिवाय स्मॉल असल्यामुळे कुस्तीत −४, ओझं पाऊणपट, आणि लांब तलवारीच्या इजेचा फासा डी८वरून उतरून डी६. तोच सामना इथे लावा: १८चा हाफ-ऑर्क, ८चा हाफलिंग, लढण्याचा अनुभव सारखा. कुस्तीत हाफलिंगची शक्यता २६वरून साधारण १४ टक्क्यांवर येते. ओझं ६० पाउंड, २७ किलो. विश्वास बसेल असे आकडे आहेत. ओझ्याचा तक्ताही हुशार आहे: ताकदीत दहा वाढले की ओझं चौपट होतं.

दोष दोन. हिशोब इतका की बॅगेतल्या दोरीचंही वजन लिहावं लागतं. आणि हाफ-ऑर्कला ताकदीच्या बदल्यात बुद्धी −२, करिश्मा −२. ताकदवान माणूस म्हणजे मठ्ठ आणि बेढब, हे गृहीतक मला तेव्हाही खटकायचं, आताही खटकतं.

त्याच्याही मागे, १९७८च्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीत कोणी जाऊ नये असं नाही, पण तिथला एक तक्ता आधीच खोडून टाका. त्यात रेसनुसार कमाल ताकद होती आणि ती स्त्री-पुरुषांना वेगळी होती: हाफ-ऑर्क पुरुषाला १८/९९ (१८ आणि त्यावर टक्केवारी), स्त्रीला १८/७५, माणसांत स्त्रीची मर्यादा १८/५०, हाफलिंग स्त्री १४वरच अडते. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीने हा स्त्री-पुरुष भेद काढला, ते योग्यच झालं.

पाथफाइंडर २

२०१९चा हा गेम ज्यांना कॅरेक्टर बारकाईने घडवायला आवडतं त्यांच्यासाठी. हाफलिंगला ताकदीत एक वजा आहे, पण एक मोकळा बूस्टही (हवा तिथे लावायची एका पायरीची वाढ) आहे. तो ताकदीला लावला तर हाफलिंग फायटर +३वर सुरुवात करतो, ऑर्क +४वर. पाचव्या लेव्हलला दोघेही +४वर येतात, कारण +४च्या पुढे एक पायरी चढायला दोन बूस्ट लागतात. दहाव्याला ऑर्क +५वर निसटतो, पंधराव्याला हाफलिंग त्याला पुन्हा गाठतो. फरक आहे, पण तो कोणाच्या मुळावर येत नाही. वजावट नकोच असेल तर कुठल्याही वंशाला दोन मोकळे बूस्ट घ्यायची सोयही नियमांत आहे. ओझं ‘बल्क’मध्ये मोजतात, त्यामुळे पाउंडांची कटकट मिटते. पण इथेही स्मॉल आणि मीडियम एकाच मापाने, त्यामुळे सिमेंटचं पोतं काही खाली उतरत नाही.

फासे बदलले की सगळंच बदलतं

गर्प्स या गेममध्ये रेसचे वेगळे लाड नाहीत. ताकदीची प्रत्येक पायरी १० पॉइंटला विकत घ्यायची; राक्षसी शरीर हवं तर पैसे मोजा, दुसरा तेच पॉइंट जादूत घालेल. उचलण्याचं सूत्र वर्गाचं आहे: ताकदीचा वर्ग भागिले ५. ताकद ८ला सुमारे १३ पाउंड, १४ला ३९. म्हणजे पावणेदोनपट ताकदीला तिप्पट वजन. आणि इथे डी२०ऐवजी सहा बाजूंचे तीन फासे टाकतात, त्यामुळे बहुतेक आकडे मधेच पडतात. १४ विरुद्ध ८ असा झटपट सामना लावला तर दुबळा जेमतेम ६ टक्के वेळा जिंकतो. डी अँड डीचे १८ आणि ८ हे नेमके या आकड्यांशी जुळतात असं नाही, मापंच वेगळी आहेत. पण टेबलवर बसल्यावर जाणवतं ते हेच: इथे ताकदवान माणूस भरवशाचा असतो.

माझा सगळ्यात लाडका तोडगा रूनक्वेस्ट या गेमचा. ताकद वेगळी, आकार वेगळा. माणसाची ताकद तीन फाशांची बेरीज, आकार दोन फासे अधिक ६. ड्वार्फची ताकद चार फाशांची, पण अंगाने तो माणसाहून लहान. घावाचा जास्तीचा जोर दोन्हींच्या बेरजेवर ठरतो. ती २५ झाली की डी४ मिळतो. ताकद १६ आणि आकार ७ असलेल्या बारक्या ड्वार्फ पैलवानाची बेरीज २३, त्याला काही नाही. ताकद १२ पण आकार १६ असलेल्या आडदांडाची २८, त्याला डी४. शरीराचं वजन घावामागे असतं हे इतक्या सोप्या रीतीने दुसऱ्या कोणी मांडलेलं मला माहीत नाही. आणि थेट ताकदीच्या झटापटीत दहाचा फरक असला की दुबळ्याची आशा जवळपास संपते.

वॉरहॅमर फँटसी रोलप्लेच्या चौथ्या आवृत्तीत ड्वार्फची ताकद माणसाइतकीच, २० अधिक दोन डी१०. दहा जास्त आहेत ते काटकपणात. हाफलिंग ताकदीत दहाने कमी. शतमानावर दहा म्हणजे दहा टक्के, कोणालाही कळतं.

मग घ्यायचं काय?

ग्रुप नवा असेल आणि प्रत्येकाला मनासारखं कॅरेक्टर हवं असेल तर २०२४ची डी अँड डी. आकडेमोडीची हौस आणि लांब कॅम्पेन असेल तर पाथफाइंडर २. जखम, वजन, थकवा खरा वाटायला हवा, ट्रोल राक्षस समोर आला की पोटात गोळा यायला हवा, तर रूनक्वेस्ट. गर्प्स तेव्हाच, जेव्हा डीएमकडे तयारीला भरपूर वेळ आहे. ३.५ची जुनी पुस्तकं कोणाच्या कपाटात असतील तर ती अजूनही उत्तम चालतात, फक्त हाफ-ऑर्कची बुद्धीची वजावट काढून टाका.

पाचवी आवृत्ती आधीच चालू असेल तर गेम बदलायची गरज नाही. दोन घरचे नियम पुरतात. निव्वळ जोराचा प्रश्न असेल, म्हणजे पंजा, दार रेटणं, दोर ओढणं, तर डी२०ऐवजी ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, टाका. त्या हाफलिंगची शक्यता २६वरून १० टक्क्यांच्या खाली येते. आणि स्मॉल आकाराचं ओझं पाऊणपट करा: ५४ किलोचे ४१ होतात. मारामारीच्या फाशांना हात लावू नका, नाहीतर बार्बेरियन घेतलेली ती खेळाडू विनाकारण भरडली जाईल.