बैजीचे मुद्राचित्र: देखणे आणि अस्वस्थ करणारे

चीनच्या यांगत्से नदीतून नाहीशा झालेल्या बैजी या डॉल्फिनचे हे मुद्राचित्र (कोरलेल्या ठशावरून छापलेले चित्र) एका चित्रकाराकडून ऑनलाइन मागवले. विक्रीतला काही वाटा यांगत्सेमधील फिनलेस पॉर्पॉइज या डॉल्फिनसारख्या, पाठीवर पर नसलेल्या छोट्या प्राण्याच्या संवर्धनाला जातो. लांब, टोकाशी किंचित वर वळलेली चोच, पाठीवरचा बुटका त्रिकोणी पर आणि गढूळ पाण्यात फारसे काम नसलेला बारीकसा डोळा, हे सारे अभ्यासून कोरले आहे. पाण्याच्या रेषांमध्ये नीट पाहिले तर मासेमारीचे गळ दिसू लागतात, आणि याच गळांनी, विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मासेमारीने, धरणांनी व जहाजांच्या वर्दळीने या प्राण्याचा घात केला हे चित्र शब्दांवाचून सांगते. वूहानमध्ये 1980 पासून सांभाळलेला छीछी नावाचा बैजी 2002 मध्ये गेला. 2006 च्या शोधमोहिमेत नदीत एकही बैजी आढळला नाही. शोकचित्राला एवढे भान हवेच.

कागद जाड आहे, राखाडी शाई कुठेही फुटलेली नाही. चौकट मात्र अगदीच सुमार, ती वेगळी करून घ्यावी. खरी तक्रार निराळी आहे: नेमकी किती रक्कम कोणत्या कामासाठी दिली जाते, याचा उल्लेख पावतीवर नाही. 2022 च्या गणनेत यांगत्सेमध्ये 1,249 फिनलेस पॉर्पॉइज उरले होते, त्यांच्या नावाने पैसे घेताना हिशेब उघड असलाच पाहिजे. विक्रेत्याने तो द्यावा. चित्र म्हणून मी याची मनापासून शिफारस करतो.