नुसतं अर्थशास्त्र की बिझनेस इकॉनॉमिक्स आणि सार्वजनिक धोरण?

पदवीसाठी या दोघांमध्ये घोळत असाल तर पेपरांच्या नावांवरून निर्णय होणार नाही. सुरुवातीला दोन्हीकडे मायक्रो, मॅक्रो, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र असतंच. वाटा फुटतात त्या पुढे, मक्तेदारीच्या प्रकरणापाशी. निदान माझी तरी तिथेच फुटली.

मी दोन्ही विभागांत काही पेपर केले आणि शेवटी दुसरा पर्याय घेतला, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे उघड आहे. तरी ज्यांना पुढे पीएचडी करायचीच आहे त्यांना मी नुसतं अर्थशास्त्रच घ्या म्हणेन. पीएचडीला प्रवेश देताना लिनियर अल्जिब्रा, रिअल अ‍ॅनालिसिस असं गणित बघतात, आणि दुसरी पदवी बिझनेस स्कूलची, तिच्यात अकाउंटिंग, फायनान्स, मार्केटिंग सक्तीचं असल्यामुळे त्याला जागाच उरत नाही. चलनवाढ, व्याजदर, देशांची प्रगती यात जीव रमत असेल तरी उत्तर तेच. दुसऱ्या पदवीत मॅक्रो तोंडी लावण्यापुरतं असतं.

आता अर्थशास्त्र विभागात मला जे खटकलं ते. मक्तेदारीची आकृती सगळ्यांना माहीत आहे: मागणीची रेषा, तिच्या खाली सीमांत महसूल (आणखी एक नग विकून मिळणारी जादा मिळकत), आणि समाजाचं नुकसान दाखवणारा तो त्रिकोण. पेन्सिलीने त्रिकोण रंगवायचा, क्षेत्रफळ काढायचं आणि शेवटी लिहायचं, ‘नियामकाने किंमत सीमांत खर्चाइतकी ठरवावी.’ पूर्ण गुण. पुढचं प्रकरण सुरू. पण नियामकाला हा सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग बनवायचा खर्च, सांगणार कोण? कंपनी? तिला तो जास्त दाखवण्यातच फायदा आहे. शिवाय वीज-पाण्यासारख्या धंद्यात सुरुवातीचा खर्च इतका प्रचंड की त्या किमतीला कंपनी तोट्यात जाते. ती भर कोणी घालायची, याची वासलात एका तळटिपेत लागायची. वर्गात विचारलं तर ‘हे आपल्या मॉडेलच्या बाहेरचं आहे’ असं उत्तर मिळे. चुकीचं नव्हे, पण मला ते काही केल्या पचेना.

दुसऱ्या विभागात अभ्यासक्रम नेमका त्याच प्रश्नापासून सुरू झाला. अर्धा वर्ग पाणीपुरवठा कंपनी, अर्धा नियामक. खरे आकडे फक्त कंपनीवाल्यांना. आम्ही कंपनी होतो. खोटं बोला असं कोणीही सांगितलं नव्हतं, तरी मुख्य कार्यालयाचं भाडं, सल्लागारांची फी, दुरुस्तीसाठी ‘राखीव’ रक्कम, सगळं आपोआप खर्चाच्या रकान्यात जाऊन बसलं. समोरच्यांनी निम्मं कापलं, तेही चुकीचं निम्मं. पुढच्या तासाला अर्थतज्ज्ञ अ‍ॅव्हर्च आणि जॉन्सन यांचा १९६२ चा निष्कर्ष आला: भांडवलावर ठरावीक परतावा मान्य केला की कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतते. मग लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमसाठी सुचवलेला तोडगा: किंमत महागाईच्या दरातून ‘एक्स’ (कंपनीने दरवर्षी जेवढी काटकसर करावी अशी अपेक्षा) वजा करून उरेल तेवढीच वाढू द्या, खर्चात केलेली बचत कंपनीला ठेवू द्या. छान. पण काही वर्षांनी ‘एक्स’ नव्याने ठरवायची वेळ आली की खर्चाचं भूत परत मानगुटीवर. त्यावर लाफों आणि तिरोल यांचं उत्तर असं की कंपनीपुढे एकच नियम न ठेवता करारांचे दोनतीन पर्याय ठेवा. ती कुठला उचलते यावरूनच तिचा खर्च कळतो. तिरोल यांना २०१४ चं नोबेल मिळालं त्यामागे हेही काम होतं. यात गणित कमी आहे असं अजिबात नाही. गेम थिअरी (समोरचा काय करेल हे धरून आखलेल्या डावपेचांचं गणित) तीच, फक्त तिला कामाला लावलेलं.

कदाचित मला शिकवणारेच तसे भेटले असतील. एखाद्या अर्थशास्त्र विभागात इंडस्ट्रियल ऑर्गनायझेशनचा (कंपन्या आणि त्यांच्यातली स्पर्धा यांचा) पेपर असेल आणि तो दरवर्षी खरोखर शिकवला जात असेल, तर माझी तक्रार बरीच पातळ होते. प्रवेशाआधी हे जरूर विचारा. आणि मोठमोठ्या धोरणांची मुळं शुद्ध सिद्धांतातच असतात हेही मान्य. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या स्पेक्ट्रम लिलावांची रचना मिल्ग्रोम आणि विल्सन यांच्या सिद्धांतातून आली, २०२० चं नोबेल दोघांना मिळालं. (त्यातले विल्सन बिझनेस स्कूलमध्ये शिकवायचे, एवढं मात्र मी सांगणारच.)

दुसऱ्या पर्यायाचे जाच वेगळे. गटाने करायची सादरीकरणं संपता संपत नाहीत, आणि गटातला एक जण नेहमी फक्त स्लाइडचा रंग निवडतो. पदवीचं नाव लांबलचक, त्यामुळे मुलाखतीत ‘म्हणजे फायनान्स का?’ हे ऐकावं लागतं. मुख्य म्हणजे नावात धोरण असलं तरी राजकारण फार थोडं. नियमन उद्योगाच्याच हिताचं कसं होऊन बसतं, हे स्टिगलर यांनी १९७१ मध्ये मांडलं. तेवढं एका तासात उरकतात. कायदा कोण अडवतो, फाइल कुठे थांबते, हे शिकायचं असेल तर सार्वजनिक धोरणाची स्वतंत्र पदवी बघा. स्पर्धा कायद्याची प्रकरणं, कंपन्यांचं विलीनीकरण, नियामक संस्था, दर ठरवण्याची कामं, अशा ठिकाणी जायचं असेल तर मात्र हीच पदवी जास्त उपयोगी पडते, असं मला वाटतं.

ती घेतलीत तर एक करा: अर्थमितीचा (आकडेवारीतून आर्थिक कारणं शोधण्याच्या शास्त्राचा) पूर्ण पेपर अर्थशास्त्र विभागात जाऊन करा. बिझनेस स्कूल त्याऐवजी डेटा अ‍ॅनालिटिक्सचा सोपा पेपर पुढे करतं. त्यात सॉफ्टवेअर शिकवतात. किंमत आणि विक्री एकाच वेळी बदलली तर कोणी कोणाला हलवलं हे कसं ओळखायचं, ते त्यात येत नाही.