दम्यासाठी बेनरालिझुमॅबचं इंजेक्शन : वर्षभरानंतर

माझा दमा चाळिशीनंतर सुरू झालेला, सोबत नाकात पॉलिप, म्हणजे मऊ गाठी. पंप, गोळ्या, वाफ सगळं वेळेवर घेऊनही दम उसळायचा आणि प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सुरू व्हायची. पुढे ती गोळी रोजचीच झाली. तिच्यामुळे श्वास चालायचा, पण चेहरा सुजला, साखर वाढली, हाडं ठिसूळ होऊ लागली.

बेनरालिझुमॅबचं हे इंजेक्शन प्रत्येक दमेकऱ्यासाठी नाही. ज्यांच्या दम्यामागे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी असतात, त्यांच्यासाठी आहे. औषध त्या पेशींना चिकटतं आणि आपल्याच शरीरातल्या नॅचरल किलर पेशी त्यांचा फडशा पाडतात. रक्तात इओसिनोफिल दर मायक्रोलिटरला 300च्या वर असले तर गुण येण्याची शक्यता जास्त. स्टिरॉइड चालू असताना हा आकडा दबलेला दिसतो, म्हणून जुने रिपोर्ट जरूर न्या. माझ्या डॉक्टरांनी जुन्याच रिपोर्टवरून निर्णय घेतला. ॲलर्जीच्या दम्याला बऱ्याचदा ओमालिझुमॅब देतात, ते वेगळं औषध.

डोस 30 मिलिग्रॅम, त्वचेखाली. पहिले तीन डोस चार-चार आठवड्यांनी, नंतर दर आठ आठवड्यांनी. सुई फारशी दुखत नाही. सुरुवातीला डोकं दुखायचं, घसा खवखवायचा. पुढे ते थांबलं. औषध फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, त्यामुळे मेडिकलमधून बर्फाच्या डब्यातूनच आणा.

दुसऱ्या डोसनंतर रात्री सलग झोप लागू लागली. पावसाळा हॉस्पिटलविना गेला, यासाठी मी या औषधाची फार ऋणी आहे. सगळ्यात मोठी कमाई म्हणजे प्रेडनिसोलोन सुटलं. पण ते हळूहळूच सोडवावं लागतं. वर्षानुवर्षं गोळी घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं विसरतं. डोस उतरवताना मला गळून गेल्यासारखं व्हायचं, सांधे धरायचे. सकाळचं कॉर्टिसोल तपासत तपासतच गोळी बंद झाली. कृपया कुणीही ती मनाने बंद करू नका. पंपही चालूच ठेवायचा. आणि दम उसळलाच तर हे इंजेक्शन कामाचं नाही, तेव्हा नेहमीचा तातडीचा उपचारच हवा.

पॉलिप मात्र आहेत तसेच आहेत. वास अजून नीट येत नाही.

खर्च प्रचंड आहे. विमा कंपनीने पहिला दावा ‘24 तास ॲडमिट नव्हता’ म्हणून फेटाळला. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या 2019च्या नियमांत आधुनिक उपचारांच्या यादीत मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं आहेत, आणि बेनरालिझुमॅब त्याच प्रकारचं औषध आहे. त्याचा दाखला आणि डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा अर्ज केला, तेव्हा काही रक्कम मिळाली. पॉलिसीत या उपचारांना वेगळी मर्यादा असू शकते, ती पहिल्या डोसच्या आधीच लेखी विचारून घ्या.