रात्रीच्या जेवणासाठी तूप, शेंगदाणा तेल की खोबरेल?

रात्रीचे जेवण जड जाऊ लागले की घरात पहिला संशय तेलावर येतो, आणि मग कोणी साजूक तूप सुचवते, तर कोणी खोबरेल तेल. मी हे तिन्ही पर्याय वापरून पाहिले आहेत.

स्निग्ध पदार्थ कोणताही असो, तो लहान आतड्यात पोहोचला की तेथून पाझरणारे संप्रेरक पित्ताशयाला आकुंचन पावायला लावते आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते. शिवाय अन्ननलिकेच्या तळाची झडपही थोडी सैलावते. त्यामुळे जडपणा आणि घशाशी येणे यांचा संबंध प्रकारापेक्षा प्रमाणाशी अधिक आहे, असे मला वाटते.

खोबरेल तेल हलके मानले जाते, कारण मध्यम लांबीच्या कार्बन-साखळीची मेदाम्ले, म्हणजे मेदाचे घटक, पित्तरसावर फारशी विसंबून न राहता थेट यकृताकडे जातात. हे खरे असले तरी आठ आणि दहा कार्बनची ही आम्ले खोबरेलात साधारण सातव्या हिश्श्याइतकीच असतात. जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो आणि त्यातले बरेचसे इतर मेदांप्रमाणेच लसिकावाहिन्यांच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या नलिकांच्या, लांबच्या वाटेने जाते. माशाच्या कालवणात ते शोभते. मेथीच्या भाजीत मला तो वास रुचला नाही.

शेंगदाणा तेलातील सुमारे निम्मे मेद ओलेइक या असंपृक्त आम्लाचे असते आणि कोलेस्टेरॉल वाढवणारे संपृक्त मेद पाचव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणून हृदयाच्या दृष्टीने तिघांत तेच उजवे ठरते. माझी अडचण वेगळीच होती. भरल्या वांग्यात किंवा उसळीत किती तेल मुरले आहे, हे खाणाऱ्याला कळतच नाही. तवंग दिसतो, पण वांग्याने शोषलेले तेल दिसत नाही. स्वयंपाक करणाऱ्याचा हात त्या दिवशी सढळ होता की आखडता, हे मला मध्यरात्री करपट ढेकर आल्यावरच उमगत असे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अंदाजाचा खेळ चाले.

तूप मात्र वरून वाढले जाते. वरणभातावर चहाचा एक चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम घेतले, तर तेवढेच पोटात जाते, आणि इतक्यावर मला रात्री त्रास झाल्याचे आठवत नाही. तुपातल्या ब्युटिरिक आम्लामुळे आतड्यांचे पोषण होते, हा युक्तिवाद मात्र मी करणार नाही. ते आम्ल लहान आतड्यातच शोषले जाते. मोठ्या आतड्यातील पेशींना उपयोगी पडते ते तंतुमय अन्नापासून तेथील जिवाणूंनी बनवलेले, म्हणजे त्यासाठी भाकरी आणि कडधान्येच हवीत. दुधाने पोट फुगणाऱ्यांना तूप बहुधा चालते, कारण त्यात दुग्धशर्करा नगण्य उरते.

तुपातील निम्म्याहून अधिक मेद संपृक्त असल्याने ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे किंवा पित्ताशयात खडे आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. इतरांनी, निदान रात्रीपुरती, फोडणी चमच्याने मोजलेल्या शेंगदाणा तेलाची ठेवावी, तळण दुपारकडे ढकलावे आणि स्निग्धतेची हौस पानावर वाढलेल्या तुपाने भागवावी, असे मी सुचवेन. एकच डबा परवडत असेल, तर तो शेंगदाणा तेलाचा असावा, पण मग भाजी परतणाऱ्याच्या हातात बुधल्याऐवजी चमचा द्यावा.