एकच दाखला, तीन मंडळ्या: पाहुण्या उपदेशकाने काय बदलावं?

दुसऱ्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, संदेशाचं (प्रवचनाचं) बोलावणं आलं की प्रश्न पडतो: आपलं तयार प्रवचन आहे तसंच न्यायचं, की तिथल्या रीतीत बसवायचं? मी मिशनच्या जुन्या मंडळीत वाढलो. बायबलच्या लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दाखला मी तीन प्रकारच्या मराठी मंडळ्यांत सांगितला आहे, म्हणून तोच उदाहरणाला घेतो. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सगळं उधळून परततो; बाप धावत जाऊन त्याला कवटाळतो, आणि घरीच राहिलेला थोरला भाऊ रागावून बाहेर थांबतो, अशी ती येशूने सांगितलेली गोष्ट.

आधी माझं घर. मिशनच्या जुन्या मंडळ्यांपैकी बऱ्याच १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आल्या. इथे उपासनेचा क्रम ठरलेला आणि संदेश साधारण वीस मिनिटांचा. लोक शांत बसतात, पण ती शांतता लक्षपूर्वक ऐकणाऱ्यांची असते. संदर्भ चुकला तर बाहेर पडताना एखादे निवृत्त गुरुजी हात हातात घेऊन हळूच सांगतात. इथे मी अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांपासून सुरू करतो. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्मनियमांबद्दल काटेकोर असलेले यहूदी, कुरकुर करतात आणि त्यांना उत्तर म्हणून दाखला येतो. ऐकणारे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती, घर कधी न सोडलेले. त्यांना थोरला भाऊ भेटवायला हवा.

स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) मंडळ्यांत संदेश तासभर चालला तरी कोणी घड्याळ पाहत नाही. ‘आमेन’, ‘हालेलुया’ मधूनमधून येत राहतं आणि ऐकणारेही संदेशात भागीदार असतात. यातले बरेच जण स्वतःच्याच आयुष्यात विश्वासात आलेले; आजार, दारू, कर्ज, घरातून तुटलेपण हे सगळं घेऊन आलेले. त्यांच्यासाठी दाखल्याचं दार सतरावं वचन आहे, मुलगा शुद्धीवर येतो ते. माझी चूक इथेच झाली होती. लिहून नेलेलं प्रवचन अठरा मिनिटांत वाचून मी खाली बसलो. लोक बसूनच राहिले, माझ्याकडे पाहत. शेवटी तिथल्या पास्टरांनी उठून ज्यांना प्रार्थना हवी त्यांना पुढे बोलावलं आणि निम्मी मंडळी पुढे आली. बाप धावत येतो हे मी सांगितलं होतं, पण धावत जायला कोणाला वावच दिला नव्हता.

शब्दांचा फरक त्यामानाने लहान. आमच्याकडे वधस्तंभ, तिकडे बहुधा क्रूस; आमचं शुभवर्तमान, त्यांची सुवार्ता. हे बदलायला हरकत नाही. आवाज मात्र उसना घेऊ नका. शांत बोलणारा माणूस अचानक गर्जना करू लागला की ऐकणाऱ्यांना ते लगेच कळतं आणि मग वचनावरचं लक्ष उडतं.

तिसरी रीत माझ्या सर्वांत जिव्हाळ्याची: गावातलं ख्रिस्ती कीर्तन. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ते रुजवलं, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांनी मराठी ख्रिस्ती भक्तीला गाता येईल अशी स्वतःची वाणी दिली. कीर्तनात तीन मुद्द्यांचं प्रवचन चालत नाही. पूर्वरंगात एका पदावर निरूपण: बापाचं मन कसं असतं. मग सगळ्यांनी भजन. उत्तररंगात आख्यान, आणि तिथे घाई करायची नाही. वाटणी मागणारा मुलगा, बापाच्या हयातीत, हे शेतकरी श्रोत्यांना समजावून सांगावं लागत नाही. वाटणीवरून दुभंगलेली घरं त्यांनी पाहिलेली असतात. बाप धावतो तिथे टाळ वाढतो, थोरला भाऊ अंगणात उभा राहतो तिथे तो थांबतो. शेवटी पुन्हा मूळ पदावर यायचं. गाता येत नसेल तर सोबत गाणारा घ्या, नाहीतर ही रीत निवडूच नका. साधी गोष्ट सांगितलेली बरी.

कॅथलिक मिस्सेचा, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेचा, प्रश्न वेगळा आहे. तिथलं प्रवचन धर्मगुरू किंवा डीकननेच (दीक्षित सेवकाने) करायचं असा नियम आहे. त्यामुळे पाहुण्याला बोलावणं येतं ते प्रार्थनासभेचं.

मग बदलायचं किती? मी पहिल्या शतकातल्या प्रेषित पौलाकडे पाहतो. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १३: यहूद्यांच्या सभास्थानात तो इस्राएलाचा इतिहास सांगतो. अध्याय १७: अथेन्समध्ये तो ‘अज्ञात देवाला’ अशी अक्षरं असलेल्या वेदीपासून सुरू करतो आणि त्यांच्याच कवींचे शब्द घेतो. दोन्हीकडे तो पोचतो पुनरुत्थानापर्यंत. अथेन्सचे काही लोक त्यावर हसले, तरी त्याने ते गाळलं नाही. म्हणून माझं मत असं: सुरुवात, लांबी आणि शेवट तिथल्या मंडळीचा, गाभा वचनाचा. पेंटेकॉस्टल मंडळीतही थोरला भाऊ गाळू नका आणि मिशनच्या मंडळीतही एकदा तरी प्रतिसादाला जागा ठेवा, निदान दोन मिनिटांच्या मौन प्रार्थनेची.

बोलावणं स्वीकारण्याआधी तिथल्या पाळकांना फोन करून तीन गोष्टी विचारा: वेळ किती, त्या दिवशी प्रभुभोजन आहे का, आणि संदेशानंतरची प्रार्थना कोण घेणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की मगच प्रवचन लिहायला बसा.