पावडर ब्रॉन्झर घ्यावा की क्रीम? बेळगावकडच्या लग्नघरांसाठी

मेकअपला बसलेल्या नवरीच्या पाठीमागं तिची आई उभी असते आणि हमखास एक वाक्य येतं, "पोरगी जरा उजळ दिसू दे." मग कातडीपेक्षा दोन शेड फिकट फाउंडेशन लागतं आणि मंडपात तोंड पांढरं, मान सावळी. ही चूक ब्रॉन्झरनं, म्हणजे ऊन लागल्यासारखा उबदार तपकिरी रंग देणाऱ्या मेकअपनं, झाकू नका, आधी फाउंडेशन मानेच्या रंगाचं घ्या. पण रंग अगदी बरोबर जुळला तरी फाउंडेशन सगळा चेहरा एकसारखा करून टाकतं. आपल्या कपाळाची कड, गालाची हाडं, हनुवटी मुळात थोडी गडद आणि तांबूस असते, कारण ऊन तिथंच जास्त बसतं. तो पुसलेला रंग परत आणायचं काम ब्रॉन्झरचं. गव्हाळ-सावळ्या कातडीसाठी मला तो याच एका कारणानं महत्त्वाचा वाटतो.

मूळ कल्पना आपली नव्हे. युरोपातल्या गोऱ्या बायकांना उन्हात रापल्यासारखं दिसायचं होतं. गेरलाँ या फ्रेंच कंपनीनं १९८४ साली 'टेराकोटा' नावाची पावडर काढली आणि तिथून ब्रॉन्झर घरोघरी गेला. आपल्याला रापायचं नाही, चेहऱ्यात जीव आणायचा आहे. म्हणून परदेशी व्हिडिओतली शेड आणि तितका हात आपल्याकडं चालत नाही.

दुकानात कॉन्टूर मागितला की ब्रॉन्झर देतात, ब्रॉन्झर मागितला की कॉन्टूर. दोन्ही तपकिरी, पण काम उलट. कॉन्टूर म्हणजे सावली: करडट, थंड रंग, गालाच्या हाडाखाली. ब्रॉन्झर म्हणजे ऊन: उबदार रंग, हाडावर. सावळ्या कातडीवर करडट कॉन्टूर थोडा जरी जास्त झाला तरी मळ बसल्यासारखा दिसतो. एकच घ्यायचं असेल तर ब्रॉन्झर घ्या.

आता मुख्य प्रश्न. पावडर ब्रॉन्झर कोरड्या, पावडर लावून बसवलेल्या चेहऱ्यावरच फिरतो. ओल्या फाउंडेशनवर ब्रश टेकवला की तिथंच डाग धरतो आणि तो काही केल्या पसरत नाही. मोठा, मऊ, भरपूर केसांचा ब्रश हवा. ब्रश आधी झटकून घ्यायचा आणि दोन-तीन हलक्या हातांत रंग चढवायचा. चूक झाली तर लूज पावडरचा पफ फिरवला की बऱ्यापैकी निभावतं, म्हणून नवशिक्या हाताला हाच बरा.

क्रीमचं गणित वेगळं. त्यात मेण आणि तेल असतं, बोटाच्या उबेनं ते वितळतं आणि कातडीत मिसळतं. नीट लागलं तर मेकअप केलाय हे ओळखूही येत नाही. पावडरला तेवढं जमत नाही, हे मी मनापासून सांगते. पण क्रीम पावडरच्या आधी लावायचं. पावडर झाल्यावर वरून क्रीम ओढलं की त्याचे गोळे होतात आणि खालचं फाउंडेशनही उचलून येतं. ओलसर स्पंजनं थापत जा, घासू नका. तेलकट नाकाच्या, घामट चेहऱ्यावर क्रीम तासाभरात सरकायला लागतं.

म्हणून मी आधी तारीख आणि गाव विचारते. तुळशीचं लग्न उरकून मुहूर्त सुरू होतात तेव्हा बेळगावात पहाटे गारठा असतो, वारं कोरडं, ओठ-गाल फुटलेले. अशा गालावर पावडर सालपटांत अडकून बसते, तिथं क्रीमच. वैशाखात अथणी, चिकोडी, निपाणीकडं लग्न असेल तर मंडपात पंख्याखालीही घाम निथळतो, तिथं पावडर. खानापूरकडं पावसाळी दमट हवेत कार्यक्रम असेल तरी पावडरच, तीही कमी. ब्रॉन्झरचा तिसरा प्रकार म्हणजे बाटलीतले पातळ थेंब, ते फाउंडेशनमध्ये मिसळून वापरतात. रोज ऑफिसला जाणाऱ्यांना ते सोयीचे, पण सगळाच चेहरा गडद होतो, म्हणून लग्नासाठी मी ते सुचवत नाही.

नवरीच्या बाबतीत मात्र दोन्ही लागतात, आणि त्याचं कारण मुंडावळ्या. मोत्यांच्या लडी कपाळावरून कानशिलांवर आणि गालांवर लोंबतात, दिवसभर घासतात, आणि ब्रॉन्झरची जागा नेमकी तीच. नुसती पावडर अक्षता पडेपर्यंत झडून जाते. खाली क्रीमचा पातळ थर, त्यावर लूज पावडर, मग त्याच रंगाच्या पावडर ब्रॉन्झरचा एकच फेर. कानशिलापासून गालाच्या हाडावर, तिथून मागं येऊन जबड्याच्या कडेनं, मराठी तीनच्या आकड्यासारखा हात फिरवायचा. नाकावर बहुतेक जण लावतात, पण नथ असेल तर सोडून द्या. नथ सारखी केली जाते, बोट लागतं आणि तिथं फिकट ठिपका उरतो. चमक असलेला ब्रॉन्झर व्हिडिओच्या दिव्याखाली तेलकट दिसतो. नवरीला मॅटच घ्या. चमक हळदी-संगीताच्या रात्री पाहिजे तेवढी लावा.

शेडची परीक्षा खडेबाजारातल्या ट्यूबलाइटखाली होत नाही. जबड्याच्या कडेला एक बोट लावा, दुकानाबाहेर रस्त्यावर या, दिवसाच्या उजेडात आरशात बघा. मनगटावर लावून काही कळत नाही, त्याचा रंग वेगळा असतो. आपल्यापेक्षा एक, फार तर दोन शेड गडद. गव्हाळ कातडीला मधासारखा तपकिरी जमतो, फार पिवळा घेतला तर नारिंगी दिसतो. सावळ्या आणि काळ्या कातडीला तांबूस, चॉकलेटी छटा पाहिजे. फिकट ब्रॉन्झर तिच्यावर राखेसारखा उमटतो. हे ऐकून पुष्कळ जणींना वाटतं की गडद घेतला तर आणखी काळी दिसेन. तसं होत नाही. चेहरा भरलेला, तजेलदार दिसतो.

आणि हळद. ट्रायल हळदीच्या आधी झालेली असते, मेकअप हळदीच्या दुसऱ्या दिवशी. कातडीवर पिवळेपणा उरलेला असतो आणि ट्रायलला शोभलेली शेड अचानक नारिंगी दिसते. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळं रात्री खोबरेल लावलेल्या कापसानं चेहरा, कान आणि मान हलक्या हातानं पुसून मग तोंड धुवा. पुष्कळ रंग निघतो. उरला तर ब्रॉन्झर त्याच डब्यातला ठेवा, पण थोडा कमी आणि जरा तांबूस ब्लशबरोबर.

घरात दोघी-तिघी बहिणी मिळून एकच घेणार असाल तर मॅट पावडर घ्या. वेगवेगळ्या रंगांवर हात हलका-जड करून ती जुळवता येते, आणि उघडल्यावर क्रीमपेक्षा जास्त दिवस टिकते. डब्याच्या पाठीमागं उघड्या बरणीचं छोटं चित्र आणि आत १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यापासून तेवढे महिने ती वापरायची. क्रीमच्या डब्यात प्रत्येकीनं आपली बोटं घालू नयेत, आधी स्वच्छ चमच्याच्या दांड्यानं थोडं काढून घ्यावं. प्रवासात पावडर फुटली तर टाकू नका. चुरा डब्यातच बारीक करा, त्यावर सर्जिकल स्पिरिटचे थोडे थेंब टाका, टिशू ठेवून अंगठ्यानं दाबा आणि रात्रभर डबा उघडा वाळू द्या.