पाणी विकत घ्यावं की वाचवावं? मरे-डार्लिंग खोऱ्यातला पेच

ऑस्ट्रेलियात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता येतो. तिथल्या मरे आणि डार्लिंग या नद्यांच्या खोऱ्यासाठी 2012 मध्ये झालेल्या सरकारी आराखड्याने शेतीचं 2750 गिगालिटर पाणी (एक गिगालिटर म्हणजे 100 कोटी लिटर) नद्यांना परत द्यायचं ठरवलं. त्यासाठी मार्ग दोन.

पहिला, सरकारने शेतकऱ्यांकडून हक्क सरळ विकत घ्यायचे. हे स्वस्त पडतं, हिशेबही स्वच्छ राहतो. विकणाऱ्याला पैसे मिळतात, कर्ज फिटतं. पण भातगिरणीतला कामगार, खतविक्रेता, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा यांच्याकडे विकायला हक्कच नसतो. शेत कोरडं पडलं की त्यांचा धंदा बसतो, मग शाळेचा पटही घटतो. 2010 मध्ये याच खोऱ्यातल्या ग्रिफिथ गावात लोकांनी आराखड्याच्या पूर्वतयारीच्या अहवालाच्या प्रती जाळल्या, त्यामागे हीच भीती होती.

दुसरा, कालव्यांना अस्तर, पाइपलाइन, सुधारित सिंचन यांवर पैसा घालायचा आणि वाचलेलं पाणी नदीला द्यायचं. गावांना हे पटतं, कारण शेती चालू राहते. पण खर्च दुपटीहून जास्त. शिवाय पूर्वी पाझरणारं पाणी काही अंशी नदीत किंवा भूजलातच जात होतं. त्यामुळे कागदावरची सगळी बचत खरी नसते.

2015 मध्ये खरेदीवर 1500 गिगालिटरची मर्यादा आली, 2023 च्या कायद्याने ती उठवली. मला खरेदीच योग्य वाटते. मात्र हक्कांइतकाच ठोस पैसा त्या गावांतल्या रोजगारासाठीही ठेवायला हवा, आणि तोही खरेदीच्या आधी.